हा तुकडा कसला? धातू आणि खनिजं ओळखायला नव्याने शिकणाऱ्यांसाठी

माझ्या टेबलावर आत्ता दोन पिवळे हुक पडलेत. दोन्ही एकाच मापाचे, एकसारखे चकाकणारे, फोटो काढला तर मलाही सांगता येणार नाही कुठला कुठला. एक अख्ख्या पितळेचा आहे. दुसराही मला अख्खं पितळ म्हणूनच विकला गेला होता, तो ओलसर भिंतीवर लावला आणि पाच-सहा महिन्यांत स्क्रूच्या भोकापासून खाली तांबूस ओघळ यायला लागले, तेव्हा कळलं की आत साधं लोखंड आणि वर नुसता पितळी मुलामा. घेताना लोहचुंबक लावायला दोन सेकंद लागले असते. ते केलं नव्हतं याची हळहळ वाटली आणि तेव्हापासून हातात येणारा प्रत्येक तुकडा, धातू असो की दगड, ओळखायचा कसा हे मी शिकत गेलो, ते इथे क्रमाने मांडतोय.

सुरुवातीलाच एक नियम मनात पक्का करा. रंगावरून निकाल द्यायचा नाही. रंग हा फक्त संशय घ्यायला चांगला. दोन वेगळ्या पद्धतीच्या चाचण्या एकाच उत्तराकडे आल्या तरच त्या तुकड्याला नाव द्यायचं, एकच चाचणी झाली असेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह.

सामान काय लागतं

फार काही नाही. एक ताकदवान लोहचुंबक (निओडिमियमचा मिळाला तर उत्तम, लहानसा पुरतो), ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल वजनकाटा, काचेचा ग्लास, बारीक दोरा, एक बारीक दातांची कानस, एक लोखंडी खिळा, काचेचा कडा घासलेला तुकडा, जाडसर तांब्याची तार, व्हिनेगर, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक फरशी. फरशीची चकचकीत बाजू नको, मागची खरखरीत, ग्लेझ नसलेली बाजू हवी, ती पुढे फार कामाला येणार आहे. डोळ्यांवर गॉगल. आणि वही, कारण आकडे लक्षात राहतील असं वाटतं पण तिसऱ्या तुकड्याला सगळी सरमिसळ होते.

हात लावायच्या आधी

हा भाग कंटाळवाणा म्हणून सोडू नका. अनोळखी धातू तापवायचा नाही, वितळवायचा तर मुळीच नाही. लोखंडावर जस्ताचा मुलामा असेल (ज्याला आपण जीआय म्हणतो) तर तो तापल्यावर पांढरा धूर निघतो, आणि तो श्वासात गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. मुलामा कॅडमियमचा निघाला तर ते त्याहून खूप वाईट, फुफ्फुसांवर जातं आणि जिवावरही बेतू शकतं. हे दोन मुलामे नुसत्या डोळ्यांनी खात्रीने वेगळे करता येत नाहीत, म्हणून सरळ सगळ्यांनाच बंदी.

शिसं हाताळलं की साबणाने हात धुवायचे, ते कोरडं घासायचं नाही, लहान मुलांच्या हाती द्यायचं नाही. कुठे चांदीसारखा पातळ थेंब दिसला तर तो पारा, नेहमीच्या तापमानाला द्रव असणारा धातू तोच, त्याला हात लावू नका आणि व्हॅक्यूम क्लीनरने तर ओढूच नका, वाफ सगळ्या खोलीत पसरते. दगडात सुतासारखे तंतू दिसले तर तो फोडायचा नाही, ते अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड एकाच ग्राइंडरवर घासू नका, दोघांची बारीक पूड एकत्र साठली आणि त्यावर ठिणगी पडली तर भयंकर उष्णतेने पेटू शकते. मॅग्नेशियमची भुकटी किंवा कीस पेटला तर पाणी ओतायचं नाही, पेटतं मॅग्नेशियम पाण्यातून हायड्रोजन काढतं आणि आग वाढते. व्हिनेगर किंवा कुठलंही अ‍ॅसिड ब्लीचच्या जवळ आणायचं नाही, क्लोरीन वायू निघतो.

पायरी पहिली: नीट बघा, मग थोडंसं खरवडा

धातू जुना असेल तर त्याच्या अंगावर जो थर बसलेला असतो तो बरंच काही सांगतो. लोखंडावर तांबूस, पापुद्रे सुटणारा गंज. तांब्यावर आधी तपकिरी, मग वर्षानुवर्षं उघड्यावर राहिलं तर हिरवा थर. पितळेवर मळकट तपकिरी आणि ओल असली की कडेला हिरवट. अ‍ॅल्युमिनियमवर ओलीत पांढरी पूड. चांदीवर काळपट, हा थर ऑक्सिजनमुळे येत नाही, हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे येतो. शिसं बाहेरून मेलेलं राखाडी दिसतं पण नखाने किंवा चाकूने ओरखडलं की आतून लख्ख निळसर चमकतं आणि ती चमक थोड्याच दिवसांत पुन्हा विझते.

इथे जरा थांबून एक गोष्ट समजून घ्या कारण पुढे धातू वापरताना ती सतत लागते. अ‍ॅल्युमिनियमही गंजतो. खरं तर तो लोखंडापेक्षा जास्त उतावीळ आहे, हवा लागताक्षणी त्याच्यावर ऑक्साइड तयार होतं. पण ते ऑक्साइड घट्ट चिकटून बसतं, काही नॅनोमीटर जाडीचा थर झाला की आतल्या धातूपर्यंत हवा पोचतच नाही आणि गंजणं तिथेच थांबतं. लोखंडाचा गंज मात्र फुगतो, त्याला भेगा पडतात, पापुद्रा गळून पडतो आणि खालचं ताजं लोखंड उघडं पडतं, मग ते गंजतं, असं करत करत अख्खी जाडी संपते. स्टेनलेस स्टीलमध्ये हाच अ‍ॅल्युमिनियमवाला गुण क्रोमियम घालून आणलेला असतो, साधारण १०.५ टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की तो स्वतःचा पातळ थर धरतो आणि ओरखडा पडला तरी हवेत परत भरून काढतो.

आता तुकड्याची जी बाजू दिसणार नाही तिथे कानशीने छोटी खाच पाडा. फक्त एवढी खोल की मुलामा असेल तर ओलांडला जाईल. भिंगातून बघा. वर पिवळं आणि आत करडं असेल तर काम तिथेच संपलं, तो मुलामा आहे.

पायरी दुसरी: लोहचुंबक

चुंबकाला धरणारे रोजच्या व्यवहारातले धातू तीनच, लोखंड, निकेल, कोबाल्ट, आणि त्यांचे काही मिश्रधातू. घट्ट चिकटलं तर बहुतेक वेळा लोखंड किंवा पोलाद किंवा बीड (ओतीव लोखंड).

घोळ होतो तो स्टेनलेसला. सगळ्यात जास्त दिसणारं ३०४ प्रकारचं स्टेनलेस (सुमारे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल) चुंबकाला धरत नाही. पण ४३० प्रकारचं धरतं, आणि तेही अस्सल स्टेनलेसच आहे. त्यामुळे "चुंबक चिकटला म्हणजे स्टेनलेस नाही" हे जे सगळीकडे ऐकायला मिळतं ते चूक आहे. शिवाय ३०४ चा पत्रा जिथे वाकवलेला किंवा ओढून खोल केलेला असतो त्या वळणावर चुंबक हलकासा धरतो आणि सपाट भागावर धरत नाही, कारण थंड अवस्थेत वाकवताना आतली स्फटिकांची रचना बदलते. हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा वाटलं की दोन तुकडे वेल्डिंग करून जोडलेत, नंतर दुसऱ्या पत्र्यावरही तसंच दिसलं.

चुंबक न धरणाऱ्या धातूंसाठीही तो कामाचा आहे. तुकडा जाड आणि सपाट असेल तर तिरका धरून त्यावरून निओडिमियमचा चुंबक घसरवा. तांबं, चांदी किंवा अ‍ॅल्युमिनियम असेल तर चुंबक मधातून जावा तसा सावकाश उतरतो. हलणाऱ्या चुंबकामुळे धातूत वीज फिरायला लागते आणि ती वीज स्वतःचं चुंबकत्व तयार करून त्या चुंबकालाच मागे खेचते. वीज जितकी सहज वाहते तितका ब्रेक जोरात, म्हणून शिशावर किंवा ३०४ स्टेनलेसवर तो जवळपास सरळ सटकतो. पातळ फॉइलवर काही जाणवत नाही, जाडी हवी.

पायरी तिसरी: घनता, आणि इथे घाई नको

माझ्या मते हीच सगळ्यात भरवशाची चाचणी. रंग चढवता येतो, चकाकी आणता येते, पण भरीव तुकड्याचं एका घनसेंटीमीटरला वजन किती हे लपवणं फार अवघड.

पद्धत अशी. तुकडा आधी कोरडा तोला आणि आकडा लिहा. मग काट्यावर पाण्याने पाऊण भरलेला ग्लास ठेवा आणि काटा शून्यावर आणा. तुकडा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा सोडा, पण तळाला किंवा कडेला टेकू द्यायचा नाही, दोरा तुमच्या हातातच. काट्यावर एक आकडा येईल. तो ग्रॅममधला आकडा म्हणजेच तुकड्याचं घनसेंटीमीटरमधलं आकारमान. कोरडं वजन भागिले हा आकडा, झाली घनता.

हे का चालतं ते बघा. तुकडा जेवढं पाणी बाजूला सारतो तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं पाणी त्याला वर ढकलतं, आणि तितक्याच जोराने तुकडा पाण्याला खाली ढकलतो, तो जोर काट्याला कळतो. एक घनसेंटीमीटर पाणी म्हणजे एक ग्रॅम, म्हणून ग्रॅम वाचले की आकारमान मिळालं. तत्त्व आर्किमिडीजचंच, राजा हिएरोच्या मुकुटाची गोष्ट ज्याच्या नावावर सांगतात तोच.

माझ्या दोन हुकांचे आकडे सांगतो. पहिला कोरडा ८४.६ ग्रॅम, पाण्यात काटा १०.० दाखवत होता, म्हणजे ८.४६. दुसरा कोरडा ७८.९ ग्रॅम, पाण्यात १०.१, म्हणजे ७.८१. आता पितळ बसतं ८.४ ते ८.७ मध्ये आणि लोखंड ७.८७ ला. हातात घेऊन हा पाच-सहा ग्रॅमचा फरक कळत नाही, भागाकारात लगेच उघडा पडला.

जवळ ठेवायचे आकडे, सगळे ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर: मॅग्नेशियम १.७४, अ‍ॅल्युमिनियम २.७०, टायटॅनियम ४.५, जस्त ७.१, कथील ७.३, लोखंड ७.८७, तांबं ८.९६, निकेल ८.९, चांदी १०.४९, शिसं ११.३४, सोनं १९.३, प्लॅटिनम २१.४५. मिश्रधातूंमध्ये जस्ताच्या ओतीव वस्तू ६.६ ते ६.७ ला येतात, त्यात थोडं अ‍ॅल्युमिनियम मिसळलेलं असतं, आणि हे नवख्यांना फार फसवतं, कारण हँडल, नॉब, खेळण्यातल्या गाड्या असल्या वस्तू हाताला जड लागतात, वर क्रोमचा मुलामा असतो, चुंबक धरत नाही, म्हणून लोक स्टेनलेस समजतात आणि एक दिवस स्क्रू आवळताना तो तुकडा कडकन तुटतो.

कुठे चुकतं? बुडवलेल्या तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटून राहतात, त्याने आकारमान जास्त दिसतं, पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका आणि तुकडा हलवून बुडबुडे सोडवा. आतून पोकळ वस्तूला ही चाचणी चालत नाही. आणि तुकडा अगदी लहान असेल, समजा चार-पाच ग्रॅमची अंगठी, तर पाण्यातला आकडा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास येणार आणि ०.१ वाला काटा त्यात एवढी चूक करेल की उत्तराला अर्थच उरणार नाही, तिथे ०.०१ चा काटा घ्या किंवा निकाल देऊ नका.

घनता सगळं सांगते असंही नाही. टंगस्टनची घनता १९.२५ आहे, सोन्याला जवळजवळ खेटून, म्हणूनच खोट्या सोन्यात तो वापरायचा प्रयत्न होतो. पण सोनं मऊ आहे, तांब्याच्या तारेने सहज दबतं, टंगस्टन त्या तारेने मुळीच दबत नाही. दोन चाचण्यांचा नियम यासाठीच. पितळ आणि कांस्य यांची घनता एकमेकांत मिसळते, त्यामुळे घरी त्यांच्यात खात्रीने फरक करता येत नाही, ताजी खाच पाडली तर पितळ (तांबं अधिक जस्त) लिंबूसर पिवळं आणि कांस्य (तांबं अधिक कथील) जरा तांबूस दिसतं एवढाच अंदाज. जर्मन सिल्व्हर नावात चांदी मिरवतं पण त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, घनता ८.५ ते ८.९ च्या आसपास, चांदीच्या १०.४९ पासून बरीच लांब, म्हणून तिथे काटा छान निकाल देतो.

पायरी चौथी: कानस आणि आवाज

कानस फिरवल्यावर धातू कसा लागतो हे शब्दात सांगणं कठीण आहे, पण पाच-सहा ओळखीचे तुकडे घेऊन सराव केला की हातालाच कळायला लागतं. शिसं आणि कथील कानशीच्या दातांत चिकटून बसतात. अ‍ॅल्युमिनियमही दात भरतं पण कीस हलका. साधं लोखंड छान कापलं जातं. पाणी दिलेलं, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक केलेलं पोलाद असेल तर कानस वरून काचेवर सरकल्यासारखी घसरते. बीडाचा कीस काळसर पूड होऊन पडतो कारण त्यात कार्बन ग्रॅफाइटच्या पाकळ्यांच्या रूपात असतो, आणि त्या पाकळ्यांमुळेच बीड वाकत नाही, फटका बसला की फुटतं. कथिलाची कांडी कानाजवळ वाकवली तर आतून करकर आवाज येतो, आतल्या स्फटिकांची मांडणी एकदम बदलल्याचा. 

ग्राइंडरवर ठिणग्या बघून पोलादाचे प्रकार ओळखणारे कारागीर असतात, कार्बन जितका जास्त तितक्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात. तांबं, पितळ, अ‍ॅल्युमिनियम ठिणगी देत नाहीत. ही चाचणी एकट्याने सुरू करू नका, जाणत्याबरोबर उभं राहून बघा.

पायरी पाचवी: दगडांकडे वळलात की पद्धत बदला

खनिजांना रंग धातूंपेक्षाही जास्त फसवा. क्वार्ट्‌झ म्हणजे आपली गारगोटी, ती पांढरी, गुलाबी, जांभळी, धुरकट, काचेसारखी, कशीही सापडते, कारण नखभर अशुद्धीनेही रंग पालटतो. म्हणून खनिजाचा रंग अखंड दगडावर बघायचा नाही, त्याच्या पुडीचा बघायचा. त्याला कस म्हणतात. फरशीच्या खरखरीत बाजूवर दगड दाबून ओढा आणि रेघ कुठल्या रंगाची उमटली ते बघा. सोनाराचा कसोटीचा दगड हीच गोष्ट करतो, आणि पेन्सिलने कागदावर लिहिणं म्हणजेही ग्रॅफाइटचा कसच.

हेमॅटाइट पहिल्यांदा कसाला लावला तो क्षण मला अजून आठवतो. दगड काळाकरडा, पोलादासारखा चमकणारा, वजनदार, वाटलं रेघही काळीच येणार, आणि फरशीवर उमटली ती विटेसारखी तांबडी. बोट फिरवलं तर बोटही तांबडं. ग्रीक भाषेत रक्ताला हायमा म्हणतात, नाव तिथून आलंय. शेजारी मॅग्नेटाइट ठेवला तर दिसायला तोही काळा, पण त्याचा कस काळा आणि तो चुंबकाला झेपावतो, काही तुकडे तर स्वतःच नैसर्गिक चुंबक असतात. दोन्ही लोखंडाची खनिजं, हेमॅटाइटमध्ये वजनाने सुमारे ७० टक्के लोखंड, मॅग्नेटाइटमध्ये ७२. नवशिक्याने हीच जोडी पहिली घ्यावी असं मला मनापासून वाटतं, कारण रंगावरचा विश्वास इथे एका रेघेत उडतो.

पायराइटचंही तसंच. सोनेरी, चौकोनी स्फटिक, ज्याला बघून कित्येकांना सोनं सापडल्यासारखं वाटलं. कस मात्र हिरवट काळा. सोन्याचा कस सोनेरीच. पायराइटला हातोडी मारली तर फुटून भुगा होतो, सोनं चपटं होतं. घनता ५ विरुद्ध १९.३. इतके फरक असताना कोणी फसायला नको, पण नजर रंगावरच अडकते.

एक लक्षात ठेवा, फरशीची कठिनता साडेसहा-सातच्या घरात असते. त्याहून कठीण खनिज घासलं तर ते फरशीलाच ओरखडतं, पांढरी पूड येते ती फरशीची, खनिजाची नव्हे.

कठिनता

फ्रेडरिक मोस यांनी १८१२ साली दहा खनिजांची उतरंड लावली, ती आजही चालते: संगजिरं १, जिप्सम २, कॅल्साइट ३, फ्लुओराइट ४, अ‍ॅपेटाइट ५, फेल्डस्पार ६, क्वार्ट्‌झ ७, टोपॅझ ८, कोरंडम ९, हिरा १०. वरचा खालच्याला ओरखडतो, एवढंच ती सांगते. अंतरं सारखी नाहीत, ९ आणि १० मधली दरी बाकी सगळ्या अंतरांपेक्षा कितीतरी मोठी आहे. माणिक आणि नीलम दोन्ही कोरंडमच बरं का.

घरी नख अडीच, तांब्याची तार साधारण तीन, काच आणि चाकूचं पातं साडेपाचच्या आसपास धरा. ओरखडा काढल्यावर ओलं बोट फिरवून पुसा. पुसला गेला तर ती मऊ वस्तूची नुसती पूड होती, राहिला तरच खरा ओरखडा. ही चूक सगळेच करतात.

आता पांढऱ्या दगडांचा नेहमीचा घोळ सोडवता येतो. नखाने ओरखडला जातो तो जिप्सम. नख लागत नाही पण खिळ्याने ओरखडतो आणि व्हिनेगरचा थेंब टाकून भिंगातून बघितलं तर बारीक बुडबुडे दिसतात तो कॅल्साइट (बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे, दिसत नसतील तर थोडी पूड खरवडून तिच्यावर टाका). काचेला ओरखडतो, व्हिनेगरला ढिम्म, आणि फुटला की बाटलीच्या काचेसारखे वाटीदार खळगे पडतात तो क्वार्ट्‌झ. फेल्डस्पारही काचेला ओरखडतो, पण तो सपाट पातळ्यांवर फुटतो. या सपाट फुटण्याला पाटन म्हणतात, कॅल्साइटचं पाटन कललेल्या ठोकळ्यांसारखं आणि अभ्रकाचं तर एकाच दिशेने, पानं सोलावीत तसं. पारदर्शक कॅल्साइट हातात आला तर छापील अक्षरावर ठेवून बघाच, एका अक्षराची दोन दिसतात, कारण प्रकाश आत शिरताना दोन किरणांत फुटतो.

वजनाचं पण इथे भान ठेवा. बहुतेक साधे दगड २.६ ते २.८ घनतेचे असतात, म्हणजे गंमत अशी की अ‍ॅल्युमिनियम दगडाइतकंच "हलकं" आहे. पांढरा दगड उचलल्यावर अपेक्षेपेक्षा जड लागला तर बॅराइट (४.५) असू शकतो. करडा, चौकोनी फुटणारा, चमकदार आणि फारच जड असेल तर गॅलेना, ७.५ च्या आसपास, शिशाचं मुख्य खनिज, हात धुवा.

गुण कळला की उपयोग कळतो

ओळख पटल्यावर प्रत्येकाचा उपयोग पाठ करायची गरज नाही, चाचणीत जो गुण दिसला तोच कुठेतरी वापरलेला असतो. अभ्रक पातळ पापुद्र्यांत सुटतं, उष्णतेला टिकतं आणि वीज अडवतं, म्हणून हीटरच्या तारा त्याच्या पत्र्यावर गुंडाळतात. जिप्सम दीडशे अंशांच्या आसपास तापवला की आतलं तीन-चतुर्थांश पाणी सोडतो आणि प्लास्टर ऑफ पॅरिस होतो, परत पाणी दिलं की ते पाणी स्फटिकात ओढून घेऊन घट्ट बसतो. क्वार्ट्‌झचा चिमट्यासारखा कापलेला इवलासा तुकडा विजेच्या धक्क्याने सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, घड्याळातलं सर्किट त्या आकड्याला पंधरा वेळा निम्मं करतं आणि बरोबर एक सेकंद उरतो. वीज वाहून नेण्यात तांब्याच्या पुढे फक्त चांदी आहे, पण उंच टॉवरवरच्या तारा अ‍ॅल्युमिनियमच्या असतात (मध्ये बळकटीला पोलाद), कारण तेवढ्याच जाडीला ते तांब्याच्या सुमारे ६१ टक्के वीज नेत असलं तरी वजन तिसऱ्या हिश्श्याहून कमी. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं मिसळलं की ते १८३ अंशांना वितळतं, एकटं कथील २३२ ला आणि एकटं शिसं ३२७ ला, म्हणून डाख देताना नाजूक पार्ट जळत नाहीत.

शेवटची पायरी: दोन धातू एकत्र लावताना

ओळख चुकली की सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं म्हणून मी हे मुद्दाम शेवटी ठेवलंय. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये ओल, म्हणजे एक बारकी बॅटरीच तयार झाली. त्यातला जास्त उतावीळ धातू झिजतो आणि दुसरा वाचतो. उतावीळपणाचा क्रम असा: मॅग्नेशियम, जस्त, अ‍ॅल्युमिनियम, लोखंड, शिसं, कथील, तांबं आणि त्याचे मिश्रधातू, स्टेनलेस, चांदी, सोनं. जितके लांबचे दोन जोडाल तितकं वाईट. लोखंडावर जस्ताचा मुलामा देतात तो या क्रमाचाच फायदा घेऊन, ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं तरी आजूबाजूचं जस्त आधी झिजतं.

स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. जेमतेम २.४ मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा आणि आत लोखंडाचा सांगाडा, १८८६ साली उभा राहिला. दोघांमध्ये शेलॅकमध्ये (लाखेच्या रोगणात) भिजवलेलं अ‍ॅस्बेस्टॉस घातलं होतं, म्हणजे धोका त्यांना माहीत होता. पण ते अस्तर झिजलं, समुद्राची खारी हवा आत आली, लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या आणि तांब्यातले रिव्हेट उपसून निघाले. १९८६ पर्यंत चाललेल्या दुरुस्तीत त्या पट्ट्या काढून स्टेनलेसच्या बसवाव्या लागल्या.

तुमच्या कामात नियम सोपा: झिजणारा धातू लहान आणि वाचणारा मोठा अशी जोडी कधीच करू नका. तांब्याच्या मोठ्या पत्र्यात अ‍ॅल्युमिनियमचा रिव्हेट मारला तर सगळी झीज त्या एवढ्याशा रिव्हेटवर येते आणि तो थोड्याच काळात खलास. उलट मोठ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात स्टेनलेसचा स्क्रू कोरड्या जागी वर्षानुवर्षं टिकतो. ओल असणार असेल तर मध्ये नायलॉनचा वॉशर घाला, स्क्रूच्या दांड्यालाही प्लास्टिकची नळी, कारण नुसता डोक्याखाली वॉशर घालून दांडा भोकाच्या कडेला टेकला तर काहीच उपयोग होत नाही. माझ्या नव्या हुकांना आता पितळेचेच स्क्रू आहेत, आणि लावायच्या आधी त्या स्क्रूंनाही चुंबक लावून बघितला, सहापैकी दोन चिकटले, ते बाजूला काढून डबीवर "मुलामा" अशी चिठ्ठी लावून ठेवलेत.